गालिचावरची शर्यत

खेळणें मुलाच्या हातीं दिलें कीं वडील माणसांचें काम संपलें, अशी आपल्या बहुतेक कुटुंबांत समजूत आहे. मोडलें तर दुसरें आणावें, न मोडलें तर माळ्यावर टाकावें. याहून अधिक विचार त्याविषयीं कोणी करीत नाहीं. म्हणून एखादा चौदा वर्षांचा मुलगा एका खेळण्यापायीं दोन दोन तास मान खालीं घालून बसतो, मिलिमीटरचे दशांश मोजतो, आणि त्यासाठीं बापाच्या खिशांतून पैसाहि बराच जातो असें दिसलें, म्हणजे घरांत कुरबूर सुरू व्हावी यांत नवल नाहीं. अशी कुरबूर आम्हीं नुकतीच जवळून ऐकली. आणि ज्या छंदाविषयीं ती होती तो इतका विलक्षण निघाला कीं, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

हा छंद म्हणजे रेडिओच्या लहरींनीं दुरून हांकावयाच्या लहान शर्यती गाड्या स्वतः जोडणें, त्यांच्या अवयवांचा मेळ बसविणें व गालिचा अंथरलेल्या पथावर त्या पळविणें. दुकानांत मिळते ती, कळ दाबली कीं धांवणारी व भिंतीवर आपटली कीं थांबणारी गाडी ही नव्हे. हिच्यांत अनेक वर्ग आहेत. परंतु सर्वांचें वर्णन करूं गेल्यास एकाचेंहि धड होणार नाहीं, म्हणून खऱ्या गाडीच्या एक-बारांश आकाराची जी गाडी असते तिच्यापुरतेंच आम्ही येथें लिहितों. रुंदी जास्तींत जास्त १७२ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीहून कमी. वजन सर्व सामानासुद्धां पाऊण किलोच्या आसपास. शर्यत आठ मिनिटांची. चालक उंच मचाणावर ओळीनें उभे राहतात; प्रत्येकाच्या हातांत पिस्तुलाच्या मुठीसारखें प्रक्षेपक यंत्र असतें. त्याच्या बाजूस असलेल्या लहानशा चक्रानें गाडी वळते आणि घोडा ओढून तिची गति कमीजास्त करतात. क्लबाच्या साधारण पथावर एक फेरी आठ ते बारा सेकंदांत होते. आठ मिनिटें म्हणजे ४८० सेकंद. फेरीस दहा सेकंद धरले तर ४८ फेऱ्या. आतां फेरीमागें सेकंदाचा एक दशांश जरी वांचला, तरी अखेरीस जवळजवळ पांच सेकंद, म्हणजे अर्धी फेरी, पदरांत पडते. सगळ्या खटाटोपाचें मर्म या एका हिशोबांत आहे.

गालिचाच कां, असें वाचक विचारतील. त्याचें मूळ कारण थंडी. उत्तर अमेरिकेंत आणि इंग्लंडांत वर्षांतले चार-पांच महिने बाहेरचा डांबरी पथ बर्फाखालीं किंवा पावसांत असतो. तेव्हां हौशी मंडळी छपराखालीं आलीं. इंग्लंडांतील पुष्कळ क्लब शाळेचें किंवा वस्तीचें क्रीडागृह एका संध्याकाळपुरतें भाड्यानें घेतात. गालिचाच्या लांबच लांब गुंडाळ्या खांद्यावर आणून पसरतात, सांधे चिकटपट्टीनें जोडतात, कडेला हलक्या पट्ट्या मांडून वळणें आंखतात, आणि शर्यती संपल्या कीं त्याच रात्रीं सर्व गुंडाळून ठेवतात. अमेरिकेंत जागेचा तोटा नाहीं. तेथें एखाद्या वखारींत किंवा बंद पडलेल्या दुकानांत कायमचाच पथ घालतात. मात्र गालिचा या शब्दानें वाचकांनीं दिवाणखान्यांतील लवदार बिछायत डोळ्यांपुढें आणूं नये. कृत्रिम धागे सुयांनीं टोचून टोचून घट्ट केलेला, पातळ व बहुधा करड्या रंगाचा तो एक नमदाच असतो. कचेऱ्यांच्या जिन्यावर घालतात त्या जातीचा.

पण थंडीनें सुरू झालेल्या या सोयीनें खेळाचें स्वरूपच पालटलें. गाडीचीं चाकें स्पंजासारख्या सच्छिद्र रबराचीं असतात, आणि तें रबर या नमद्यास असें कांहीं धरतें कीं, डांबरावर ज्या वळणाला गाडी घसरेल तेथें ती येथें रुळावरून गेल्यासारखी जाते. कॅरम खेळणारांस ठाऊक आहे कीं पटावर पावडर टाकली म्हणजे सोंगटीचा स्वभाव बदलतो. येथें नेमकें उलट घडतें: दिवसभर गाड्या फिरून चाकांचें रबर आणि त्यांना लावलेलें द्रव्य गालिच्यांत मुरत जातें, व सकाळीं निसरडा वाटणारा पथ संध्याकाळपर्यंत इतका चिकट होतो कीं गाडी घसरण्याऐवजीं वळणांत कलथून चारी चाकें वर करते. अशी पकड असल्यावर गाडींतील कोणताहि बारीक दोष झांकून राहत नाहीं. धुळीच्या मैदानांत जी वांकडी गाडी सरळ गाडीच्या बरोबरीनें धांवेल, तिचें बिंग गालिचावर पहिल्या फेरींतच बाहेर पडतें.

बिनतारी लहरींनीं दुरून काम करविण्याची कल्पना जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास अशा लहरींनीं दूरची घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली होती; १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक छोटी नौका याच रीतीनें चालविली. गाड्यांच्या शर्यती मात्र १९६० नंतरच्या. अमेरिकेंतील हौशी लोकांची ‘रोअर’ ही संस्था १९६७ त निघाली. जपानांतील तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे ९३४ या गाडीची एक-बारांश प्रतिकृति रेडिओसह बाजारांत आणली, आणि हा छंद घरोघर पोंचला. तिचें माप बिनचूक यावें म्हणून कंपनीच्या चालकांनीं खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी केली होती असें सांगतात. एक-बारांश गाड्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद-शर्यत १९८२ सालीं कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें झाली. निरनिराळ्या वर्गांत मिळून चौदा जागतिक अजिंक्यपदें मिळविणारा मासामी हिरोसाका हा जपानी चालक या खेळांत दंतकथेसारखा मानला जातो.

त्या काळीं एक मौज असे. प्रत्येक प्रक्षेपकास ठराविक कंपनसंख्येचा स्फटिक लागे. दोघांचा स्फटिक एकच निघाला तर एकाच्या हुकुमानें दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळे. म्हणून एका फळीवर कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांसारखे अंक घातलेले चिमटे लावून ठेवीत, व ज्याच्या हातीं चिमटा असेल त्यानेंच यंत्र सुरू करावें असा दंडक असे. २००५ च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झवर चालणारीं नवीन यंत्रें आलीं. तीं आपापला मार्ग आपणच निवडतात, तेव्हां चिमटे गेले आणि त्यावरून होणारीं भांडणेंहि गेलीं.

आमच्या भगिनी गेलीं कांहीं वर्षें मुलाकडे अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत राहतात. गालिचावरील शर्यतींचा हा जणूं जुना मुलूखच. याच संस्थानांतील क्लीव्हलंड येथें नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टींत अशा शर्यतींचा मोठा मेळा अनेक वर्षें भरला. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही कांहीं आठवडे तेथें होतों. पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं भगिनींनीं तक्रार मांडली, “दादा, तूंच सांग ह्याला. सारा दिवस त्या चाकांना औषध चोळीत बसतो. इतक्या प्रेमानं शाळेच्या पुस्तकाला कधीं हात लावला नाहीं!” नातू मान वर न करतां म्हणाला, “आजी, औषध नाहीं तें. आणि आतां लावलं तर अर्धा तास थांबावं लागतं.” भाच्याचें दुःख निराळें होतें. तो आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाला, “मामा, पैशाचं एक वेळ सोडा, पण दर पंधरवड्याला नवा भाग विकत घ्यायचा आणि गाडी तशीच चालायची, ह्यांत हा शिकतो तरी काय?” प्रश्न रास्त होता. तोंडी उत्तर देण्यापेक्षां आपण स्वतः बसून पाहावें असें आम्हीं ठरविलें.

योगायोगानें त्याच आठवड्यांत जुना सांगाडा बाद होऊन नव्याची पेटी घरीं आली होती. ही गाडी तयार मिळत नाहीं. पेटींत कार्बन फायबरच्या पातळ पट्ट्या, ॲल्युमिनियमचे खांब, नखाएवढ्या स्प्रिंगा, मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या आणि पिशव्या पिशव्या भरून स्क्रू असतात. मोटर, बॅटरी, रेडिओचा ग्राहक, वेग आवरणारें विद्युत्-यंत्र आणि वर घालावयाचें पारदर्शक प्लॅस्टिकचें कवच हें सर्व निराळें. स्क्रू आवळीत सुटणारा मुलगा दोन तासांत गाडी उभी करील. आमच्या नातवास तीन संध्याकाळी लागल्या, आणि तो वेळ कोठें गेला तें सांगण्यासारखें आहे.

पहिली संध्याकाळ तर नुसत्या कडा घांसण्यांत गेली. कार्बन फायबरची पट्टी म्हणजे राळेंत भिजविलेल्या धाग्यांचे थर. कडेवर आपट बसला कीं ते सुटूं लागतात. म्हणून कडा पॉलिश-कागदानें गोल करावयाच्या व त्यांवर पातळ, झटकन् वाळणाऱ्या गोंदाची एक रेघ फिरवावयाची. ही घांसणी पाणी लावून, तोंडावर फडकें बांधून करावी. तिचा कोरडा भुगा छातींत जाणें बरें नव्हे. शिवाय हा पदार्थ विजेचा वाहक आहे; उघडी तार पट्टीस लागली तर ठिणगी पडते. नातवाच्या आईस त्या रात्रीं जेवणाचें मेज दोनदां ओल्या फडक्यानें पुसावें लागलें, हेंहि येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

दुसऱ्या दिवशीं डिफरन्शियल. वळतांना बाहेरचें चाक अधिक अंतर कापतें व आंतलें कमी. दोन्ही एकाच दांड्यावर पक्कीं असलीं तर एकाला फरफटावें लागेल. म्हणून मागील दांड्यावर दोन चकत्यांमध्यें त्या मोहरीएवढ्या गोळ्या बसवून असा सांधा केलेला असतो कीं, जोर दोन्ही चाकांस पोंचावा आणि तरी तीं वेगवेगळ्या वेगानें फिरूं शकावीं. सैल बसला तर सांधा घसरून जळतो, घट्ट बसला तर गाडी वळेनाशी होते. पारख हातानेंच करावयाची: मोठें दांतेरी चाक व एक चाक धरून ठेवावें आणि दुसरें फिरवून पाहावें, तें जोर लावूनहि घसरतां कामा नये. मग दांतेरी चाक सोडून एक चाक फिरवावें. दुसरें लोण्यासारखें उलट फिरलें पाहिजे. या “लोण्यासारखें” शब्दाची व्याख्या कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. ती बोटांनाच कळते, व बोटांना कळण्यास चार वेळां उघडून पुन्हां बसवावें लागतें.

गाडीची खरी खुबी मात्र तिच्या कमरेंत आहे. मोठ्या मोटारींस चारी चाकांकरितां वेगवेगळ्या स्प्रिंगा असतात, तशा हिला नसतात. मोटर, मागील दांडा आणि दोन्ही चाकें मिळून मागें एक स्वतंत्र डबा असतो. तो पुढील पट्टीस मधोमध एका गोल सांध्यानें व दोन बाजूंस दोन दुव्यांनीं जोडलेला असतो. त्यामुळें हा डबा वरखालीं डुलूं शकतो आणि डावीउजवीकडे कलूंहि शकतो. वरखालीं डुलणें मधला तेल भरलेला धक्काशोषक आवरतो. कलणें आवरण्यास दोन बाजूंस दोन बारीक स्प्रिंगा आणि घट्ट सिलिकॉन वंगण भरलेल्या दोन नळ्या असतात. पुढच्या चाकांना उभ्या खिळीवर एकेक स्प्रिंग असते व तीं जेमतेम मिलिमीटरभर हलतात. गाडीचें पोट गालिच्यापासून तीन-साडेतीन मिलिमीटर उंच. एवढ्या जागेंत हें सारें नृत्य चालतें.

आतां समजा, डावीकडची स्प्रिंग उजवीपेक्षां किंचित् अधिक दाबलेली आहे. डबा यत्किंचित् पिळला जातो, पुढच्या एका चाकावर भार वाढतो, दुसऱ्यावरचा कमी होतो. आणि गाडी एका बाजूस उत्साहानें व दुसऱ्या बाजूस कुरकुरत वळते. ही पीळ काढणें म्हणजे या विद्येंतील संध्यावंदन. दररोज आणि सर्वांच्या आधीं. गाडी जाड कांचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवावी, पुढच्या टोकाखालीं अगदीं मधोमध सुरीचें पातें घालून हळू उचलावी, आणि पाहावें: पुढचीं दोन्ही चाकें एकाच क्षणीं कांच सोडतात काय? एक आधीं उठलें तर बाजूच्या स्प्रिंगेचा स्क्रू अष्टमांश फेरा फिरवावा व पुन्हां उचलावी. ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांस हें काम परकें वाटणार नाहीं. जवारीचा दोरा केसभर सरकविला कीं तार बोलूं लागते, केसभर अधिक सरकला कीं मुकी होते. आणि कोणत्या क्षणीं थांबावें हें गवयास सांगतां येत नाहीं, ऐकूं येतें.

चाकांचें शास्त्र याहून चिवट आहे. रबराचा स्पंज मऊ, मध्यम, कठीण अशा अनेक जातींत येतो व रंगांच्या नांवांनीं ओळखला जातो. सामान्यतः मागें मऊ व पुढें कठीण वापरतात. नवें चाक मोठें असतें. तें छोट्या लेथवर लावून हवें त्या व्यासाचें करून घेतात. शर्यतीपूर्वीं चाकांना पकड वाढविणारें एक द्रव्य चोळतात—भगिनींचें “औषध” तें हेंच—व ठराविक वेळ मुरूं देऊन पुसून टाकतात. मागच्या चाकांना तें पूर्ण रुंदीवर, पुढच्यांना बहुधा आंतल्या अर्ध्या भागावरच. पुढें अधिक लावलें तर गाडी चपळ वळते पण तिची शेपटी सुटूं पाहते. कमी लावलें तर नाक वळणाबाहेर जातें. पथ अति चिकट होऊन गाडी कलथूं लागली कीं चाकांचा व्यास कमी करतात, किंवा बाहेरच्या कडेवर गोंद फिरवून तेवढी कडा निसरडी करतात.

झिजणाऱ्या चाकामुळें अंकगणितहि हातीं घ्यावें लागतें. मोटरच्या एका फेऱ्यांत गाडी किती पुढें जाते यावर तिचा वेग आणि मोटरचा ताप दोन्ही अवलंबून असतात. मागच्या चाकाचा व्यास ४२ मिलिमीटर असेल तर परिघ सुमारें १३१.९ होतो. मोटरवरील लहान दांतेरी चाकास ४४ दांते व दांड्यावरील मोठ्यास ७६ दांते असले तर एका फेऱ्यांत गाडी १३१.९ ला ४४ नें गुणून ७६ नें भागल्याइतकी, म्हणजे सुमारें ७६.४ मिलिमीटर जाते. चाक झिजून ४१ झालें कीं हेंच अंतर ७४.६ होतें, गाडी सरळ रस्त्यावर मागें पडूं लागते. मग ४४ च्या जागीं ४५ दांत्यांचें चाक घातलें कीं अंतर पुन्हां ७६.३. एक मिलिमीटर झीज, एक दांता भरपाई. त्रैराशिकाच्या नांवानें कपाळास आंठ्या घालणारा आमचा नातू हा हिशोब गाडी हातांत धरून तोंडीं करतो, हें पाहून आम्हांस त्याच्या शाळामास्तरांची कींव आली.

शनिवारीं आम्ही सर्वजण शर्यतीस गेलों. प्रत्येक गाडींत एक लहानसा संदेशक असतो. गालिचाखालीं पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावरून ती गेली कीं गणकयंत्र तिचा क्रमांक व फेरीची वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत टिपतें. त्यामुळें ‘मीच पुढें होतों’ हा वाद या खेळांत उरलेलाच नाहीं. प्रथम पात्रतेच्या फेऱ्या होतात, व त्यांतील वेळेवरून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा अंतिम शर्यती लागतात. येथील एक रिवाज आम्हांस फार आवडला. आपली शर्यत संपली कीं प्रत्येकानें पुढील शर्यतीकरितां पथाच्या वळणावर उभें राहावयाचें, आणि उलटलेली गाडी, ती कोणाचीहि असो, धांवत जाऊन सरळ करावयाची. जो चुकवील त्याची चांगली वेळ कापली जाते. साठीच्या घरांतील एक गृहस्थ गुडघ्यावर हात टेकीत आमच्या नातवाची गाडी उचलतांना आम्हीं पाहिले. त्यानंतर दहाच मिनिटांनीं नातू त्यांची उचलीत होता.

नातवाच्या नव्या गाडीनें मात्र त्या दिवशीं छळ मांडला. डावीकडे सुरेख वळे. उजवीकडे वळतांना नाक बाहेर फेंकी. शेजारच्या मेजावरील एकानें पुढच्या स्प्रिंगा बदलावयास सांगितल्या, दुसऱ्यानें नवीं चाकें घ्यावयास सांगितलें. पथाला लागूनच सुट्या भागांचें दुकान असतें, तेव्हां सल्ला व माल यांत अंतर फार नसतें. भाच्याचा हात पाकिटाकडे गेलाच होता. नातू म्हणाला, “बाबा, थांबा. कांचेवर दोन्ही चाकं बरोबर उठताहेत. म्हणजे उभी असतांना गाडी सरळ आहे, चालतांनाच वांकडी होते.” हें वाक्य आम्हांस महत्त्वाचें वाटलें. उभ्या गाडींत दोष नाहीं व चालत्या गाडींत आहे, तर हलणाऱ्या भागाला एकाच बाजूस कांहीं तरी अडवीत असलें पाहिजे. त्यानें बाजूच्या स्प्रिंगा व नळ्या सोडल्या आणि मागचा डबा बोटानें कलविला. डावीकडे तो आपल्या वजनानें पडला. उजवीकडे मध्येंच थांबला.

अपराधी निघाल्या त्या तारा. वेगनियंत्रकाकडून मोटरकडे जाणाऱ्या तीन तारा पुढच्या पट्टीवरून मागच्या डब्यावर जातात. डाख लावतांना त्या आंखूड कापल्या गेल्या होत्या. ताठ होऊन त्याच एका बाजूस स्प्रिंगेसारख्या रेटीत होत्या. आणि आदल्या रात्रीं कांचेवर पीळ काढतांना स्प्रिंगांचे स्क्रू फिरवून तो रेटा नकळत झांकला गेला होता. वीतभर मऊ, सिलिकॉनचें वेष्टन असलेली तार, प्रत्येकीला ढिला वळसा, नवा डाख, आणि पुन्हां कांच व सुरी: चाळीस मिनिटें गेलीं. सरासरी फेरी १०.४ सेकंदांची होती ती १०.२ वर आली. आठ मिनिटांत ४६ च्या ठिकाणीं ४७ फेऱ्या भरल्या. नातू ‘सी’ मधून ‘बी’ मध्यें गेला आणि तेथें सहावा आला. त्याच्या टिपणवहींत त्या दिवसाखालीं इतकेंच लिहिलें आहे: “तारा लांब. बाकी कांहीं बदललें नाहीं.” दुसरें वाक्य पहिल्याइतकेंच कामाचें आहे, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी हा नियम न पाळणारे प्रौढ आम्हीं तेथें पुष्कळ पाहिले, आणि सुट्या भागांच्या दुकानाचा चरितार्थ त्यांच्यावरच चालत असावा.

खर्चाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. वरच्या दर्जाच्या नुसत्या सांगाड्याच्या संचासच कांहींशे डॉलर पडतात; त्यावर रेडिओ, मोटर, भारक यंत्र आणि सतत झिजणारीं चाकें. ज्या खुल्या वर्गांत वाटेल ती मोटर चालते तेथें मुलानें जाऊं नये; तेथें वेग इतका कीं, गाडीचा दोष कोणता व हाताचा कोणता हें नवशिक्यास उमगत नाहीं, आणि चुकीची किंमत दर टकरीस मोजावी लागते. मोटरच्या तारेचे वेढे ठरवून दिलेले असतात असे वर्ग आहेत. साडेसतरा वेढ्यांचा वर्ग त्यांपैकींच, व त्यांत वेगनियंत्रकानें मोटरचा जोर कृत्रिम रीतीनें वाढविण्यासहि बंदी असते. अशा वर्गांत पैशानें विकत घेण्यासारखें थोडें व हातानें मिळविण्यासारखें पुष्कळ राहतें. प्रथम वापरलेली गाडी घ्यावी; या गाड्यांची घडण फार भराभर बदलत नाहीं, आणि कंटाळून सोडणारे हौशी जागोजाग असतात. नवीन सांगाडा दोन हंगामांनंतर, तोहि टिपणवही पाहून द्यावा.

ज्या एका गोष्टींत काटकसर किंवा हयगय दोन्ही चालणार नाहींत ती म्हणजे बॅटरी. हल्लीं या गाड्यांत लिथियम-पॉलिमरचा एकच घट असतो. त्याचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, त्यापुढें एक पाऊलहि नाहीं. आणि वापरतांना ३ व्होल्टच्या खालीं उतरूं दिला तर तो खराब होतो. जास्त भरल्यानें, चुरडल्यानें किंवा दोन टोकें एकमेकांस लागल्यानें हा घट फुगतो, पेटतो, आणि पेटला म्हणजे फुंकरीनें विझणारा तो दिवा नव्हे. म्हणून लिथियमकरितां केलेल्याच भारक यंत्रानें तो भरावा. भरतांना आगीस न जुमानणाऱ्या पिशवींत, फरशीवर ठेवावा. गादीवर, पुस्तकांच्या फळीवर किंवा देवघराच्या कोनाड्याजवळ नव्हे. कोणी तरी मोठें माणूस समोर असल्याशिवाय, आणि रात्रीं निजतांना तर मुळींच, भारावयास लावूं नये. आठवडाभर वापरावयाचा नसेल तर सुमारें ३.८ व्होल्टवर ठेवावा, आणि उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत विसरूं नये. टरारून फुगलेला घट पुन्हां एकदां वापरून पाहण्याचा मोह मुलांस होतो. तो त्यांच्या हातून काढून घ्यावा, व केराच्या टोपलींत न टाकतां जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर, टोकांस चिकटपट्टी लावून, नेऊन द्यावा.